आधी फुलं, मग डबे: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना एक खुलं पत्र

प्रति,
कार्यकारिणी आणि सांस्कृतिक समिती,
अमेरिकेतली सगळी लहानमोठी महाराष्ट्र मंडळं

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की मंडळाच्या इमेल सुरू होतात. पार्कातलं शेल्टर मिळालं, ही पहिली. साइन-अप शीट उघडली आहे, ही दुसरी. अर्ध्या मंडळाने चिप्स आणि सोडा आणतो म्हणून लिहिलंय, कृपया कोणीतरी भाजी आणा हो, ही तिसरी. आणि मग येतो तो फ्लायर. मागे लाल-पांढरे-निळे पट्टे, वर फटाक्यांची आतषबाजी, कोपऱ्यात ग्रिलवर भाजली जाणारी कणसं आणि मधोमध ठळक अक्षरांत "हॅपी मेमोरियल डे! चला, धमाल करू या!"

हे पत्र त्या फ्लायरबद्दल आहे. सहलीबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचायच्या आत कोणीतरी "आता सहलीलाही नावं ठेवा" असं ग्रुपवर टाकेल. सहल व्हायलाच हवी. पाच महिने थंडी काढल्यावर पहिल्यांदा मोकळ्या हवेत माणसं भेटतात, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना दुसरे आजी-आजोबा सापडतात, मुलांना लंगडी हा खेळ कुठल्याही ॲपवर नसतो हे कळतं. वर्षातला हा एक कार्यक्रम असा आहे की ज्यात भाषणं नसतात. तो मोडायचं पाप माझ्या माथी नको.

मला बोलायचंय ते क्रमाबद्दल.

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे हा सैन्याच्या गणवेशात असताना मेलेल्यांचा दिवस आहे. सगळ्या सैनिकांचा नाही. जे लढून घरी परत आले, त्यांच्यासाठी ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे आहे. आज नोकरीत आहेत त्यांच्यासाठी मे महिन्यातला तिसरा शनिवार आहे. या सोमवारचे मानकरी मात्र आपल्या शुभेच्छा ऐकायला नाहीत, त्यांच्या घरचे आहेत. आपल्या गल्लीत, आपल्या मुलांच्या शाळेत, कदाचित ज्या पार्कात आपण शेल्टर घेतो तिथलं गवत कापणाऱ्यांतही असं घर असू शकतं. ज्या बाईचा मुलगा परत आला नाही, तिच्या शेजारच्या टेबलावर आपण "हॅपी" लिहिलेला केक कापतो. आपल्या मनात काही वाईट नसतं. माहीत नसतं, एवढंच. पण इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या, मुलांना इथल्या घटनेचे प्रश्न पाठ करून घेतलेल्या माणसांनी किती दिवस माहीत नसल्याच्या सबबीवर काढायचे?

हा दिवस सुरू कसा झाला, हे मंडळाच्या एखाद्या इमेलमध्ये कोणी कधी लिहिल्याचं मला आठवत नाही. म्हणून जरा विस्ताराने सांगते.

अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तरेची राज्यं, १८६५च्या वसंतात संपलं. सहा लाखांहून अधिक माणसं त्यात गेली होती. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरात घोड्यांच्या शर्यतीचं एक मैदान होतं. मळेवाले, गुलामांचे मालक, शहरातले धनिक तिथे पैजा लावायला यायचे. युद्धाच्या अखेरीस दक्षिणेच्या फौजेने त्या मैदानाचाच तुरुंग केला आणि उत्तरेचे युद्धकैदी तिथे उघड्यावर डांबले. त्यातले किमान २५७ जण आजाराने आणि हालअपेष्टांनी मेले. प्रेक्षकांच्या मंडपामागे एका खड्ड्यात त्यांना घाईघाईने पुरलं गेलं. नाव नाही, गाव नाही.

शहर उत्तरेच्या ताब्यात आलं, धनिक पळून गेले. मागे उरले ते नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक. त्यांच्यापैकी काही मजुरांनी तो खड्डा उकरला, एकेक देह बाहेर काढला आणि प्रत्येकाला वेगळी, नीट ओळीतली कबर दिली. भोवती लाकडी कुंपण घातलं, त्याला चुना फासला, दारावर कमान उभारली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. ज्या माणसांना कालपर्यंत स्वतःचं आडनाव ठेवायचा हक्क नव्हता, त्यांनी परक्या गावच्या, परक्या वर्णाच्या मुलांना हा मान दिला. १ मे १८६५ला त्या मैदानावर सुमारे दहा हजार माणसं जमली. पुढे शाळेतली तीन हजार काळी मुलं, हातात गुलाब. त्यांच्यामागे बायका टोपल्यांत फुलं घेऊन, मग पुरुष, मग सैनिक. कबरी फुलांनी इतक्या झाकल्या की खालची माती दिसेना.

आणि त्यानंतर काय झालं माहीत आहे? त्यानंतर लोकांनी गवतावर बसून डबे सोडले. भाषणं ऐकली, सैनिकांची कवायत पाहिली, खाल्लं-प्यायलं. म्हणजे सहल त्या पहिल्या दिवसापासून आहे! या देशात असा दिवस पाळल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि तिच्यातच पिकनिक आहे. फक्त फुलं आधी होती.

चार्ल्स्टनची ही गोष्ट नंतर शंभरेक वर्षं जवळजवळ विसरली गेली. विसरायला लावली गेली म्हणणं जास्त खरं. काळ्या लोकांनी हा दिवस सुरू केला, हे त्या शहरातल्या गोऱ्या पुढाऱ्यांना सोयीचं नव्हतं. पुढच्या वर्षी मिसिसिपीतल्या कोलंबस गावच्या बायकांनी दोन्ही बाजूंच्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहिली. ज्यांनी आपले मारले त्यांच्याही. १८६८ मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ३० मे ही तारीख देशभरासाठी ठरवली, आणि त्या दिवशी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत सुमारे पाच हजार माणसांनी वीस हजारांहून अधिक कबरींवर फुलं घातली. तेव्हा या दिवसाचं नावच "डेकोरेशन डे" होतं. पहिल्या महायुद्धानंतर तो फक्त यादवी युद्धाचा न राहता सगळ्याच युद्धांतल्या मृतांचा झाला. जन्मस्थान म्हणून सरकारने १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूला मान दिला. त्या मानावर आणखी पंचवीसेक गावं हक्क सांगतात, पण तो त्यांच्या घरचा वाद आहे.

क्रमाची ही गोष्ट आपल्याला नवी असायचं कारण नाही. पितृपक्षात आपल्या घरी काय होतं? खीर असते, वडे असतात, अळूचं फदफदं असतं, आणि श्राद्धाच्या वड्यांची चव एरवीच्या वड्यांना येत नाही असं म्हणत माणसं आणखी दोन मागून घेतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनाही आवडायचे, म्हणून आपण हसतोही. पण कावळ्याचं पान ठेवल्याशिवाय घरातलं शेंडेफळसुद्धा ताटाला हात लावत नाही. मेमोरियल डेच्या सहलीत आपण पंगत थाटात बसवतो, आणि पान ठेवायचंच विसरतो.

इथला राष्ट्रध्वजसुद्धा हेच सांगतो. मेमोरियल डेला सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर असतो. बाराला तो पुन्हा टोकापर्यंत चढवतात आणि संध्याकाळपर्यंत तसाच ठेवतात. वर्षभरात हे असं फक्त याच दिवशी, असा इथला ध्वजनियम आहे. अर्धा दिवस गेलेल्यांचा, अर्धा दिवस मागे उरलेल्यांचा. आपली सहल साधारण साडेअकराला सुरू व्हायची असते आणि साडेबाराला सुरू होते. म्हणजे मराठी वेळेनुसार आपण नियमातच बसतो. फक्त सकाळ रिकामी सोडलेली आहे.

ही सकाळ रिकामी कशी झाली, त्यालाही इतिहास आहे. १९६८ मध्ये इथल्या संसदेने काही सुट्ट्या सोमवारी आणायचा कायदा केला, तो १९७१ पासून लागू झाला आणि ३० मे ही तारीख जाऊन "मे महिन्यातला शेवटचा सोमवार" आला. तीन दिवस सलग मिळाले. गाद्यांचे सेल आले, समुद्रकिनारे उघडले, उन्हाळ्याचं उद्घाटन म्हणून दिवसाची ओळख झाली. आता आपण या बाबतीत कोणाला बोलायच्या लायकीचे नाही. आपली संक्रांत फेब्रुवारीत होते, गणपती सोयीच्या शनिवारी बसतात आणि हॉल मिळाला नाही तर दिवाळी थँक्सगिव्हिंगच्या आसपास येते. सोय ही मोठी देवता आहे. मात्र तारीख हलली तरी आपण गणपतीत गणपती बसवतो. मूर्ती न आणता नुसते मोदक खाऊन घरी जात नाही.

या तारखेसाठी एक माणूस शेवटपर्यंत भांडला. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये. मेमोरियल डे परत ३० मेला न्यावा असं विधेयक ते दर खेपेला मांडत राहिले, २०१२ मध्ये जाईपर्यंत. ते कधीच मंजूर झालं नाही. इनोये जपानी स्थलांतरितांच्या घरातले. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या लोकांना या देशाने शत्रू ठरवलं, हजारो कुटुंबांना काटेरी तारांमागच्या छावण्यांत नेऊन टाकलं. तरी त्या समाजातली तरुण पोरं सैन्यात गेली. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या एका टेकडीवर इनोयेंचा उजवा हात गेला. सोबतचे कित्येक तिथेच राहिले. त्या माणसाला तारखेचं महत्त्व का वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता जरा थांबून हे बघा. त्याच एप्रिलमध्ये, त्याच इटलीत, सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीतले शिपाई नामदेव जाधव आपल्या जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंगांतून आणि गोळ्यांतून पलीकडे नेत होते. ९ एप्रिल १९४५. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला आणि ते परत आले. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच मारले गेले. त्यांचाही व्हिक्टोरिया क्रॉस, पण मरणोत्तर. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ही माणसं कोणाच्या साम्राज्यासाठी लढत होती, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सुखाचं नाही. पण मारणारं सैन्य हिटलरचं होतं आणि पलीकडच्या डोंगरावर अमेरिकन पोरं त्याच सैन्याशी लढत होती. तेव्हा "अमेरिकेच्या सैनिकांशी आपला काय संबंध" असं कोणी विचारलं, तर संबंध इटलीतल्या त्या मातीत सापडेल.

साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यातली तमुक मेली. एवढंच. नावं नाहीत, फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या एका युद्धात ४६ माणसं गमावली, म्हणून त्याला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्याच्याही कितीतरी आधीचे आपले वीरगळ. देवळाच्या आवारात, पाराजवळ, गावाच्या वेशीवर उभे असलेले. खाली पडलेला वीर, वर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावासाठी, गुरांसाठी, धन्यासाठी मेलेल्याला दगडात उभं करायची रीत आपल्याकडे शेकडो वर्षांची आहे. मंडळातल्या किती जणांच्या गावी असा दगड असेल! त्याला शेंदूर फासलेला असेल, कोणी त्याला देव समजत असेल, आणि बहुतेकांवर नाव नसेलच.

नाव असणं ही वेगळी गोष्ट आहे, हे मला वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासमोर कळलं. काळ्या, गुळगुळीत दगडाची भिंत. वर पुतळा नाही, घोडा नाही, घोषणा नाही. अठ्ठावन्न हजारांवर नावं, तीही अकारविल्हे नाहीत. ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच चकमकीत गेलेले शेजारी शेजारी राहतात. दगड इतका चकचकीत की नावांच्या पाठीमागे आपलाच चेहरा दिसतो. स्पर्धेत हा आराखडा निवडला गेला तेव्हा तो करणारी माया लिन फक्त २१ वर्षांची होती. येल विद्यापीठात शिकणारी, चीनमधून आलेल्या आईवडलांची मुलगी. स्थलांतरितांच्या पोरीने या देशाचं दुःख दगडात कसं मांडायचं ते ठरवलं. सुरुवातीला तिच्यावर टीका झाली, तिच्या वंशावरूनही झाली. १९८२ मध्ये भिंत उभी राहिली, आणि लोक रडत रडत कागद ठेवून पेन्सिलीने नावाचा ठसा घेऊ लागले.

व्हिएतनामचं नाव काढलं की तो दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला "आपला काय संबंध" या पहिल्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. ही युद्धं चुकीची होती, मग आपण मान कशाला द्यायचा? इराकच्या वेळी आपल्यापैकी अनेक जण विरोधात होते. मीही होते, आजही आहे. पण युद्ध करायचं की नाही हे वीस वर्षांचं पोर ठरवत नाही. ते ठरवणारे बहुधा म्हातारपणी, घरच्या अंथरुणात मरतात. २६ ऑगस्ट २०२१ला काबूलच्या विमानतळाच्या दारात बॉम्बस्फोटात १३ अमेरिकन सैनिक गेले. त्यातले पाच जण अवघ्या वीस वर्षांचे होते. अफगाणिस्तानचं युद्ध २००१ मध्ये सुरू झालं. म्हणजे ही मुलं त्या सुमारास जन्मलेली. त्यांच्या कबरीवर फूल ठेवणं म्हणजे त्या युद्धाला अनुमोदन नव्हे. उलट या देशाने पुढचं युद्ध करायच्या आधी मोजणी करावी असं वाटत असेल, तर मोजणीची सुरुवात तिथूनच होते.

आणखी एक नाव सांगते, कारण ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल आपल्याला जितकं बोलता येतं तितकं क्वचितच कोणाला येत असेल. होझे अंतोनिओ गुतिएरेझ. ग्वाटेमालात रस्त्यावर वाढलेला अनाथ मुलगा, कागदपत्रांशिवाय या देशात आला, पुढे ग्रीन कार्ड मिळालं, मरीन कोअरमध्ये भरती झाला. २१ मार्च २००३ला, युद्ध सुरू झाल्या झाल्या, इराकमध्ये मारला गेला. त्या युद्धात गेलेल्या पहिल्या काही अमेरिकन सैनिकांपैकी तो एक, आणि तेव्हा तो अमेरिकन नागरिक नव्हता. नागरिकत्व त्याला मेल्यावर मिळालं.

आता कामाचं. माझी सूचना साधी आहे: सहलीच्या आधीची सकाळ किंवा त्या आठवड्यातला शनिवार आपण जवळच्या, सैनिकांसाठी असलेल्या राष्ट्रीय दफनभूमीत घालवावा. आर्लिंग्टन नव्हे. तिथे झेंडे लावायचा मान फक्त सैनिकांचा असतो. पण देशभर अशा दीडशेहून अधिक दफनभूमी आहेत आणि त्यातल्या अनेक ठिकाणी सर्वसामान्य लोकांना, स्काउटच्या मुलांना, शाळांना झेंडे लावायला बोलावतात. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा लवकर भरतात, तेव्हा हे काम एप्रिलमध्ये करायचं, साइन-अप शीटच्या आधी.

आम्ही काही कुटुंबं मुलांना घेऊन गेलो होतो. प्रत्येकाच्या हातात लहान झेंड्यांचा जुडगा देतात. दगडाच्या बरोबर मध्यावर, बुटाच्या लांबीइतकं अंतर सोडून काडी जमिनीत खोचायची. जमीन कडक असते, तळहाताला वळ उठतात. झेंडा सरळ उभा राहिला की मागे सरायचं आणि दगडावरचं नाव मोठ्याने वाचायचं, अशी तिथल्या स्वयंसेवकांची सूचना होती. मुलं आधी लाजली. मग एकाने पोलिश आडनाव वाचायचा प्रयत्न केला, चुकला, पुन्हा वाचला. इथल्या शाळेत दर वर्षी ज्याच्या आडनावाची अशीच मोडतोड होते, तो मुलगा ते नाव नीट उच्चारल्याशिवाय पुढे जाईना.

सगळे दगड एकाच मापाचे. पांढरा संगमरवर, तेरा इंच रुंद, चार इंच जाड. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड तोच. वरच्या बाजूला धर्माचं चिन्ह कोरता येतं. क्रॉस आहे, डेव्हिडचा तारा आहे, चंद्रकोर आहे आणि मान्य चिन्हांच्या यादीत आपला ॐसुद्धा आहे. दगडाच्या मागच्या बाजूला कधीकधी बायकोचं नाव असतं, नवऱ्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी गेलेल्या बायकोचं. तिथे पुरलेले सगळेच युद्धात गेलेले नसतात. पुष्कळ जण लढून परत आले, म्हातारे होऊन गेले. तो फरक मुलांना तारखांवरून आपोआप कळतो. आमच्यातली एक मुलगी प्रत्येक दगडापाशी वजाबाकी करत होती. त्र्याऐंशी, एकोणऐंशी, एक्क्याण्णव. मग १९२५ ते १९४४. तिने उत्तर मोठ्याने सांगितलं नाही. तिचा मोठा भाऊ तेवढ्याच वयाचा आहे.

काही दगडांच्या माथ्यावर नाणी ठेवलेली असतात. ती उचलू नका म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा. भेट देऊन गेलेल्याची ती खूण आहे. मोठं नाणं ठेवणारा शेवटच्या क्षणी सोबत होता, अशी सैनिकांत रीत सांगतात.

एवढं करून, हात धुऊन, मग पार्कात जायचं. आणि तिथेही एक मिनिट. दुपारी तीनला, स्थानिक वेळेनुसार, देशभर एक मिनिट शांतता पाळावी असा २००० सालचा कायदा आहे. त्याच्या मुळाशी एक गोष्ट सांगतात. १९९६ मध्ये वॉशिंग्टन पाहायला आलेल्या शाळकरी मुलांना कोणीतरी मेमोरियल डे म्हणजे काय असं विचारलं, तर मुलं म्हणाली, पोहण्याचे तलाव उघडतात तो दिवस. आपल्या मुलांना विचारून बघा. माझा अंदाज आहे की तलावाच्या जागी पावभाजी येईल. ते मिनिट पाळायला बेसबॉलचे चालू सामने थांबले आहेत. आपली अंताक्षरी थांबायला हरकत नसावी. तीनला स्पीकर बंद, रस्सीखेचीचा दोर खाली, ग्रिलपाशी असलेल्याने चिमटा बाजूला ठेवायचा, सगळे उभे. कोणी भाषण करायचं नाही. अध्यक्षांनी तर मुळीच नाही. एक मिनिट झालं की जिथे होतो तिथून पुढे.

फ्लायरवरचे फटाके काढून टाका, ते चार जुलैला कामी येतील. "हॅपी" आणि "धमाल" ही दोन्ही जुलैकडे पाठवा. दिवसाचं नाव आणि आपल्या सहलीची वेळ पुरेशी आहे. फार तर झेंडे लावायला कुठे आणि किती वाजता जमायचं, ते वरच्या ओळीत लिहा. गावातल्या किराणा दुकानाच्या दारात माजी सैनिक कागदाची लाल पॉपीची फुलं (युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची खूण) घेऊन बसलेले दिसले, तर मंडळाच्या वतीने एक मूठभर घ्या. पैसे गरजू सैनिकांकडेच जातात. आणि आपल्या सभासदांपैकी कोणाचा मुलगा-मुलगी इथल्या सैन्यात असेल, तर त्या घराला आधी विचारा. अशी घरं आता आहेत. ती आपल्या कार्यक्रमांत गप्प असतात, कारण तिथे सगळे फक्त कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे विचारतात.

भारतातल्या आपल्या जवानांचं काय, असं कोणी म्हणेल. २६ जुलै आहे, कारगिल विजय दिवस. जुलैत मंडळाचा काही कार्यक्रम असतो का, तपासून बघा. नसतो. तेव्हा या दोन गोष्टींत भांडण लावायचं कारण नाही. मेमध्ये सवय लागली तर जुलैतही लागेल.

पुढच्या वर्षीच्या शेल्टरचं बुकिंग बाराचं करा, दहाचं नको. साइन-अप शीटमध्ये भाजी, भात, गोड, चिप्स यांच्या डावीकडे, पहिला रकाना "सकाळी झेंडे लावायला येणार" असा घाला. त्यात आमची चार नावं आत्ताच टाकून ठेवा. मठ्ठाही आमच्याकडून, पण तो नेहमीच्या रकान्यात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद